रोइंग मशीन घ्यायचं तर मोटरपंपासारखं पारखून घ्या



आज फवारणी नाही, खत नाही. गेले आठ दिवस आमच्या पारावर एकाच गोष्टीवरून जुंपलीय. वस्तीवरच्या एका पोरानं घरी रोइंग मशीन आणलं. म्हणजे होडी वल्हवल्यासारखा व्यायाम करायचं मशीन. निम्मी मंडळी हसतायत, की शेतकऱ्याला कसला आलाय व्यायाम. उरलेली निम्मी मोबाईलवर ऑफर बघून तसलंच काहीतरी स्वस्तातलं मागवायच्या तयारीत. माझं स्पष्ट मत आहे, दोघांचंही चुकतंय.

आधी हसणाऱ्यांचं बघू.

"शेतकऱ्याचा दिवसभर व्यायामच होतो" हे वाक्य आमच्या वडिलांच्या पिढीला शोभत होतं. आज नांगरट ट्रॅक्टरनं, फवारणी ब्लोअरनं, पाणी ठिबकनं. मोटर तर अंथरुणात पडून मोबाईलवरनं चालू होते. बांधापर्यंत जायला गाडी. खाणं मात्र वडिलांच्या काळाइतकंच, वर दिवसाला आठ कप गोड चहा. आमच्या वस्तीवर चाळिशीतल्या तिघांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि तिघंही चांगले बागायतदार आहेत. ट्रॅक्टरच्या सीटवर दिवसभर हादरे खाल्ले की कंबर जाते. अंग दुखलं म्हणजे व्यायाम झाला असं समजू नका, ती नुसती झीज आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे. तुमची खरोखर होते का, मोजून बघा. कृषी सहायक साहेब, तुम्हीपण मोजा. गाडीवरून प्लॉट बघणं त्यात धरायचं नाही.

एक मात्र मान्य करतो. जी बाई दिवसभर उन्हात खुरपते, जो गडी ऊस तोडतो, त्याला मशीन नको. त्याला विसावा पाहिजे आणि पोटभर जेवण पाहिजे. "शेतीत व्यायाम होतो" हे म्हणायचा हक्क त्यांचा आहे. त्यांच्या घामावर आपण तो सांगू नये.

आता कुणीतरी दत्तू भोकनळचं नाव काढणार. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. तिथला पोरगा विहिरी खणायचं काम करून लष्करात गेला, तिथं रोइंग शिकला, 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण आणलं. लोक म्हणतात, बघा, विहीर खणून अंग कमावलं. अरे, पण विहीर खणलेल्या माणसालाही पुढं शिस्तीत सराव करावाच लागला की. नुसत्या विहिरीवर पदक मिळत असतं तर आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात पदकांचे ढीग लागले असते.

आता घाईनं घेणाऱ्यांचं.

पाण्याची मोटर घेताना तुम्ही काय करता? हेड विचारता, वायंडिंग तांब्याचं आहे का बघता, स्पेअर तालुक्याला मिळतो का विचारता. मग व्यायामाचं मशीन नुसता फोटो बघून का मागवता?

मशीन चार प्रकारची. पहिलं पिस्टनचं. दहा-पंधरा हजारांत येतं, घडी होतं, जाहिरातीत छान दिसतं. त्यात तेलाचे दोन पंप असतात. थोडा वेळ ओढलं की तेल तापतं आणि भार मऊ पडतो. पाय पुरते लांबत नाहीत, सगळा जोर हातावर आणि कमरेवर येतो. ज्यांची कंबर आधीच ट्रॅक्टरनं खाल्लीय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरं चुंबकाचं. आवाज जवळजवळ नाही. घरात लहान मूल झोपलेलं असेल तर बरं. भार बटणानं ठरतो, पण बऱ्याच मशीनवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

तिसरं पाण्याचं. टाकीत पाणी आणि पाती, आवाज गोड. पाणी हिरवं होऊ नये म्हणून क्लोरीनची गोळी टाकावी लागते. ज्याच्या शेततळ्यात शेवाळ धरतं त्याला हे वेगळं सांगायला नको.

चौथं हवेचं. आत पंखा फिरतो. तुम्ही जेवढं जोरात ओढाल तेवढा तो जड होतो. पंप आणि पंख्याचा नियम तोच आहे, वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. जगभरचे रोइंगपटू ज्यावर सराव करतात ते कन्सेप्ट टू कंपनीचं मशीन याच जातीचं. त्याचा हिशोब पक्का आहे. 500 मीटर 2 मिनिटांत ओढलं तर साधारण 203 वॅट. एक एचपी म्हणजे 746 वॅट. म्हणजे तुमच्या तीन एचपीच्या मोटरीएवढं काम करायला असे अकरा गडी लागतील! अडीच मिनिटांत ओढलं तर 104 वॅटच, म्हणजे निम्म्यावर. सुरुवातीला अडीच मिनिटं जमली तरी पुष्कळ झालं.

याच्या बाजूला 1 ते 10 असा एक खटका असतो. पोरं लगेच 10 वर नेऊन मिशीला पीळ देतात. तो भार वाढवायचा खटका नाही, तो नुसती आत जाणारी हवा कमी-जास्त करतो. सायकलच्या गिअरसारखं समजा. 3 ते 5 वर ठेवा आणि ताकद पायानं लावा.

घ्यायच्या आधी एवढं बघा. जागा 9 बाय 4 फूट मोकळी पाहिजे. मशीन 8 फूट लांब, 26 किलो, मधून सुटतं. स्क्रीन घरच्या विजेवर चालते की सेलवर? आपल्याकडं लोडशेडिंग आहे. कन्सेप्ट टूची स्क्रीन सेलवर चालते. महिन्याला पैसे भरायला लावणारी मोठी स्क्रीन असेल तर लांबूनच नमस्कार. साखळीला 50 तास वापरानंतर तेल, सीटच्या रुळाला रोज फडकं. पंख्याच्या जाळीत धूळ बसली की हवा कमी मिळते आणि मशीन हलकं लागतं, म्हणून शेडमध्ये कडब्याशेजारी ठेवू नका. उंदीर आतली रबरी दोरी सोडणार नाही.

ओढायची पद्धत मशीनपेक्षा महत्त्वाची. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परत जाताना उलट, आधी हात, मग पाठ, मग गुडघे. पोतं उचलताना जसं वाकू नये तसंच इथं. पाठीचा कणा गोल केला तर कंबर जाणारच, रोइंगवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. गादी सरकलेली असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग मशीन.

आता पैशाचं. चांगलं हवेचं मशीन आपल्याकडं लाखाच्या वर जातं. एका शेतकऱ्यानं कर्जावर ते घ्यावं असं मी कधीच म्हणणार नाही. द्राक्ष गेली तर हप्ता कुठनं भरणार? पण गावची तालीम आहे, कुलूप लावून पडलीय. गणपतीच्या डीजेला जेवढी वर्गणी जमते, त्यातली थोडी बाजूला काढली तर दोन वर्षांत एक मशीन उभं राहतं. संध्याकाळी पाळी लावा, बायकांची वेळ वेगळी ठेवा. ते जमत नसेल तर सूर्यनमस्कार आणि रानातून पायी चक्कर फुकट आहे.

पण स्वस्तातलं पिस्टनचं घेऊन त्यावर टॉवेल वाळत घालणार असाल, तर तेवढ्या पैशात ठिबकचे फिल्टर बदला. निदान पिकाचं तरी भलं होईल.

पटलं तर तालमीच्या कुलपाची किल्ली कुणाकडं आहे ते खाली लिहा. नाही पटलं तर भांडायला पारावर या. चालत या.