क्यूआर कोड काढू नका, हिशोब ठेवा

जुलै 2025 मध्ये बेंगळुरूतल्या अनेक चहावाल्यांनी, बेकरीवाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी दुकानावरचे क्यूआर कोड काढून टाकले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या होत्या. खूप ओरड झाली, तेव्हा सरकारला नमते घ्यावे लागले. पण भीती मात्र राहिलीच.

ती भीती मोबाईलवरून आमच्या मोहल्ल्यातही पोहोचली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. ते म्हणाले, "सर, मीपण स्कॅनर काढून टाकतो. कटकटच नको." मी त्यांना बँकेचे स्टेटमेंट आणायला सांगितले. त्यात दुकानाची विक्री होती, भिशीचे पैसे होते, भावाने अम्मीच्या दवाखान्यासाठी पाठवलेली रक्कम होती. सगळे एकाच खात्यात. "यातली विक्री किती?" असे विचारले, तर त्यांना सांगता येईना.

खरी अडचण इथे आहे. फक्त जमा रक्कम पाहून नोटीस पाठवणे चूकच, कारण प्रत्येक जमा म्हणजे विक्री नसते. पण ते दाखवून द्यायला आपल्याकडेही काही कागद हवा ना?

कायदा काय सांगतो? महाराष्ट्रात मालाची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर, किंवा सेवांची 20 लाखांच्या वर गेली, तर जीएसटी नोंदणी लागते. यात रोख आणि ऑनलाईन दोन्ही धरतात. म्हणजे क्यूआर काढल्याने काहीच बदलत नाही, उलट गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. जो फक्त ताजी भाजी, फळे, दूध असा करमुक्त माल विकतो, त्याला नोंदणीची गरज नाही. आणि मर्यादा ओलांडलीच, तर दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत 1 टक्का कर भरून मोकळे होता येते.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर नको की दहा ॲप नकोत. चार सवयी पुरेत.

एक, दुकानाचे खाते वेगळे ठेवा. क्यूआर त्याच खात्याचा. घरचे, भिशीचे पैसे त्यात येऊ देऊ नका. याचा आणखी एक फायदा आहे. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या गिऱ्हाइकाकडून आपल्या खात्यात आला, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खाते गोठवू शकते. तेव्हा निदान घरखर्चाचा पैसा तरी अडकत नाही.

दोन, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. आपल्या खात्यात पैसे आले का, ते पाहा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, गडबड आहे.

तीन, सकाळी दुकान उघडताना आपला क्यूआर एकदा स्कॅन करून नाव तपासा. आपल्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवून लुटल्याच्या घटना घडल्या आहेत.

चार, रोज रात्री वहीत तीन आकडे लिहा: रोख, ऑनलाईन, उधारी. व्यवहार लिहून ठेवणे आपल्याला नवे नाही. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचीच ताकीद आहे.

त्या पालकांनी स्कॅनर काढला नाही. नवे खाते उघडले. वही आठवीतली मुलगी लिहिते, बेरीजही तीच करते. पहिल्या महिन्याची विक्री दोन लाखांच्या आत भरली. म्हणजे वर्षाची 40 लाखांच्या कितीतरी खाली. ज्या नोटिशीच्या धास्तीने ते दुकानाची पद्धत बदलायला निघाले होते, ती धास्ती शंभर पानी वहीने घालवली.