सांभाळणारीकडे कोण येतं?

"सिस्टर, रात्री काही झालं तर?"

"काही होत नाही हो. फक्त कूस बदलत राहा."

डिस्चार्जच्या दिवशी एवढंच शिक्षण माझ्या वाट्याला आलं. सासूबाईंची डावी बाजू पॅरालिसिसने गेली होती. अकरा दिवस दवाखान्यात काढून आम्ही त्यांना घरी नेत होतो. हे बिलाच्या खिडकीपाशी, दीर अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागे, आणि मी एका हातात फाइल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी आणि नाकातल्या नळीतून भरवायची मोठी सिरिंज घेऊन उभी. सिस्टरला मी दोष देत नाही. अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर होता. पण कूस बदलायची म्हणजे हात कुठे घालायचा, पाय कसा ठेवायचा, हे तिनं एकदा माझा हात धरून दाखवलं असतं तर?

नवव्या रात्री माकडहाडापाशी लाल डाग दिसला. मला वाटलं घामोळं. मी पावडर लावून चोळलं! ती बेडसोअरची सुरुवात होती. पुढे ओळखीतल्या एक रिटायर्ड सिस्टर घरी आल्या आणि पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी मला सगळं शिकवलं. दर दोन तासांनी कूस. लाल झालेली जागा चोळायची नाही. भरवताना आणि नंतर अर्धा तास तरी डोकं उंच. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा जातो. आणि उचलताना आपण कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं. हे शेवटचं मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझा कमरेचा पट्टा वाचला असता.

मग मला छंदच लागला. सांभाळणाऱ्या माणसांवर जगात कुणी अभ्यास केलाय का, हे मी शोधायला लागले. केलाय, आणि बराच केलाय. लंडनमध्ये पॅरालिसिसच्या ३०० पेशंटच्या घरच्यांवर केलेला एक अभ्यास २००४ साली छापून आला. काही जणांना दवाखान्यातच भरवणं, उठवणं, बसवणं प्रत्यक्ष करून शिकवलं होतं. त्यांचा ताण कमी झाला, खर्च कमी आला, पेशंटचं मनही ताळ्यावर राहिलं. वाचून मला वाटलं, झालं! प्रत्येक दवाखान्याने हेच करावं.

पण गंमत पुढेच आहे. हाच प्रयोग ब्रिटनमध्ये ३६ ठिकाणी, ९२८ पेशंट आणि त्यांच्या घरच्यांवर केला, त्याचा निकाल २०१३ मध्ये आला. फरक काहीच पडला नाही. ना पेशंटला, ना सांभाळणाऱ्याला. संशोधकांनी त्याचं एक कारण सुचवलं, ते वाचून मी मान डोलावली. पॅरालिसिसनंतरचे ते पहिले दिवस कदाचित शिकवायची योग्य वेळच नसावी, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे! तेव्हा डोकं जागेवर कुठे असतं? समोरचा माणूस जगतोय की नाही, पैसे कुठून आणायचे, मुलांचे डबे कोण करणार, यात सिस्टर काय बोलली ते कानावरून जातं. खरे प्रश्न नवव्या रात्री पडतात. आणि तेव्हा दारात कुणी नसतं.

आपल्या देशातही एक मोठा अभ्यास झाला. १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, निकाल २०१७ चा. यात घरच्यांना तीनेक दिवस रोज तासभर व्यायाम वगैरे शिकवले, नंतर घरी भेटीही दिल्या. सहा महिन्यांनी पाहिलं तर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत शंभरातले ४७ पेशंट एकतर दगावले होते किंवा परावलंबी होते. सारखेच.

निराशा झाली ना? मला मात्र हे वाचून हलकं वाटलं, खरंच सांगते. सासूबाईंचा हात वर्षभरानेही हलेना तेव्हा एक आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मालिश नीट झाली असती तर हात आला असता." ते वाक्य मी किती वर्षं उशाशी घेऊन झोपले! आता सांगते मैत्रिणींनो, घरची सून ही फिजिओथेरपिस्ट नव्हे. तिला चार गोष्टी शिकवून दवाखान्यातलं काम तिच्यावर सोपवता येत नाही. त्या संशोधकांनीही तेच लिहिलं की, घरच्यांवर काम टाकण्याऐवजी शिकलेले आरोग्यसेवक किंवा गावपातळीवरची टोळी असा मार्ग तपासून बघावा. शिकवायचं ते तिची कंबर आणि तिची झोप वाचावी म्हणून.

आणखी एक जुना अभ्यास मला फार आवडला. १९८० साली अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना सांभाळणाऱ्या अवघ्या २९ जणांशी बोलून केलेला. पेशंट किती विसरतो, किती त्रास देतो यावर त्यांचा भार ठरत नव्हता. घरातली बाकीची माणसं पेशंटला भेटायला किती येतात, यावर ठरत होता! जिथे ये-जा जास्त, तिथे भार कमी वाटत होता. अभ्यास छोटा आहे, पण माझा अनुभव तोच. फक्त भेटायला येणं म्हणजे मोसंबीची पिशवी ठेवून, चहा पिऊन, "आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत" सांगून जाणं नव्हे. माझी धाकटी जाऊ रविवारी यायची, म्हणायची, "वहिनी, तुम्ही दोन तास झोपा." हिला मी जन्मभर विसरणार नाही.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका घरच्यांची काळजी घेत होत्या, दिवसाला १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. यात मुलाबाळांचंही आलं. रात्री दोनला उठून कूस बदलणारीला हे १४० मिनिटांचं गणित वाचून हसूच येईल.

घरी येऊन बघणं आपल्याला जमत नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला पाठवलं. ३९ गावांत बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये जगाने वाचलं. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा वेळा जातात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, तारखा ठरलेल्या. केरळात १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून पुढे २००८ मध्ये राज्याचं धोरणच आलं, आणि तिथे पंचायतीची नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते. आपल्याकडे वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अशा भेटीची तरतूद कागदावर आहे. आमच्या गल्लीत ती मी अजून पाहिलेली नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वेळा लिहितात, तशाच भेटीच्या तारखाही का लिहू नयेत? आठवा दिवस, एकविसावा दिवस, दुसरा महिना. येणारीनं पेशंटची पाठ बघावी आणि सांभाळणारीला विचारावं, झोप होते का? आणि हे काम आशांच्याच डोक्यावर फुकटात टाकू नये. त्यांच्या वह्या आधीच कमी नाहीत.

परवा समोरच्या घरी बाळ बघायला आशाताई आल्या होत्या. शेजारच्या सूनबाईंचे सासरे महिन्यापूर्वीच पॅरालिसिसने पडलेत. ती ओल्या हातांनी दारात आली, "ताई, जरा आमच्याकडेही येता का?" आशाताईंनी वही चाळली. "माझ्या यादीत बाळाचंच नाव आहे हो." मग वही पिशवीत घातली, चप्पल काढली आणि आत गेल्या.