माकडाला कुणी विचारलं होतं?

‘कॅनिबल होलोकॉस्ट’ हा रुग्गेरो देओदातोचा 1980चा इटालियन जंगलपट. आमच्या दादरचे सिनेमावेडे तरुण त्याची बाजू हिरिरीनं मांडतात. त्यांच्या मते यातली हिंसा म्हणजे आरसा आहे: कॅमेरा घेऊन ॲमेझॉनच्या रानात शिरलेले शहरी लोकच खरे रानटी. युक्तिवाद देखणा आहे, पण मला तो मुळीच पटत नाही.

या चित्रीकरणात खरं कासव कापलं, खरं डुक्कर मारलं. माकडाचं दृश्य दोनदा घेतलं, म्हणून माकडंही दोन मेली. खळबळीसाठी जीव घेणाऱ्यांचा निषेध करायचा आणि तो करताना स्वतःही तेच करायचं, याला आरसा कसं म्हणू? पडद्यावरचे खून खरेच असावेत या संशयानं देओदातोवर आरोप ठेवला गेला, तेव्हा नट जिवंत असल्याचं दाखवून तो त्यातून सुटला. कासवाला तसं उभं करता आलं नसतं.

दुसरं पाप मला याहून जड वाटतं. यानोमामी ही व्हेनेझुएला-ब्राझील सीमेवरची खरी जमात. आप्त गेला की त्याच्या अस्थींची राख केळ्याच्या पेजेत कालवून पिण्याची त्यांची रीत आहे. तो शोकाचा विधी आहे. सिनेमा काढला कोलंबियात, नाव लावलं यांचं, आणि रंगवली माणसं फाडून खाणारी टोळी.

थरार हवा तर एवढं चालायचंच, असं म्हणणाऱ्यानं परळ आठवावं. वाडिया बंधूंची मूव्हिटोन ही चित्रपटसंस्था तिथल्या लवजी कॅसलमध्ये होती. 1942मध्ये शांतारामबापूंनी त्याच जागी राजकमल स्टुडिओ उभा केला. टारझनचं रान आपल्या पडद्यावर आणलं ते याच वाडियांनी. त्यांची ‘हंटरवाली’ (1935) नादिया उड्या आणि मारामाऱ्या स्वतः करायची. जोखीम तिची, होकारही तिचाच. वाडियांच्या जंगलपटांतल्या रानटी टोळ्या मात्र मला आज खटकतात. चूक आपल्याकडेही झाली, ती झाकायचं कारण नाही.

ती कशी टाळावी, हे गोनीदांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी केलेल्या ‘जैत रे जैत’मध्ये (1977) दिसतं. त्यातले ठाकर हे ठाकरच आहेत: त्यांचा भगत, त्यांचा डोंगर, त्यांचं पापपुण्य. मधमाश्यांच्या दंशानं डोळा गमावलेला नाग्या राणीमाशीवर सूड उगवायला कडा चढतो आणि त्याची किंमत जोडीदार चिंधीच्या जिवानं मोजतो. तेव्हा आपली छाती धडधडते ती नाग्यासाठी.