देवी बोलते, मग बाई कधी बोलणार?

भुताखेतांच्या गोष्टी वाचायला कुणाला आवडत नाहीत? नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं लायब्ररीतून आणून, घरातले सगळे झोपल्यावर दिवा चालू ठेवून वाचणाऱ्या आपण. इंग्रजीतही या गोष्टींचा मोठा बाजार आहे. जुना काळ, अंधारी खोली, मेलेल्यांचा आवाज ऐकवणारी एक बाई आणि तिच्यावर जीव टाकणारी दुसरी. सारा वॉटर्स या लेखिकेची १९९९ सालची 'ॲफिनिटी' ही कादंबरी अशीच. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बायकांच्या तुरुंगात ती घडते.

अशा गोष्टी वाचताना मला एकच प्रश्न पडतो. 'माध्यम' होणारी बहुतेक वेळा बाईच का असते हो? आत्मे पुरुषांना घाबरतात की काय?

उत्तरासाठी खऱ्या इतिहासाकडेच जाऊ या. १८४८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात मॅगी आणि केट फॉक्स या दोन बहिणींच्या घरी टकटक आवाज येऊ लागले. आत्मा उत्तरं देतो म्हणून लोकांची रीघ लागली. थोरल्या बहिणीनं, लीनं, त्यांचे जाहीर प्रयोग सुरू केले. त्या काळी चारचौघांत बाईनं भाषण करणं म्हणजे निर्लज्जपणा होता, पण तिच्या तोंडून आत्मा बोलला की मोठमोठे लोक मान खाली घालून ऐकत. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, मॅगीनं भरसभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले आणि आवाज असा काढत होतो म्हणून सांगितलं. पुढच्याच वर्षी तिनं ते शब्द मागेही घेतले. त्यानंतर थोड्याच वर्षांत दोघी बहिणी हलाखीत गेल्या. ॲलेक्स ओवेन या अभ्यासक बाईंनी इंग्लंडमधल्या अशा बायकांवर १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या बाईला स्वतःच्या नावानं बोलता येत नव्हतं, तिला आत्म्याच्या नावानं बोलता आलं.

हे वाचलं आणि मला आपली निगडीच आठवली! इथे कारखान्यांच्या नोकरीसाठी कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, मराठवाड्यातून माणसं आली आणि आपापली देवी सोबत घेऊन आली. कुणाची तुळजाभवानी, कुणाची काळूबाई, कुणाची यल्लमा. कोकणस्थांकडे नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मी बसते. लग्नानंतर पहिली पाच वर्षं नव्या सुना तिची पूजा करतात. संध्याकाळी तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करतात आणि मग बायका धुपावर धरलेली घागर फुंकतात. तो घुमणारा आवाज ऐकला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं. मग तिला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची आणि प्रश्न विचारायचे.

अशा वेळी देवी काय बोलते, ते कधी नीट ऐकलंय? मी ऐकलंय. 'सुनेला दोन दिवस माहेरी पाठवा.' 'हिच्या दुखण्याकडे बघा.' 'दारू सोडायला सांग त्याला.' यात अद्भुत काही नाही. आदल्या दिवशी ओट्याशी उभी राहून हेच ती बाई बोलली असती, तर 'तुझं आपलं काहीतरीच' म्हणून सगळ्यांनी उडवून लावलं असतं. आज मात्र सासरेबुवासुद्धा हात जोडून 'होय आई' म्हणतात. ती ढोंग करते असं मी म्हणत नाही. बहुतेकींचं ते ढोंग नसतंच. कोंडलेलं मन वाट शोधतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही, रूढीत मान्य असलेल्या धार्मिक प्रसंगी अंगात येणं हा आजार मानलेला नाही. मनाविरुद्ध, भलत्या वेळी असं होऊन त्रास होत असेल, तरच तो आजार.

म्हणून अंगात येणाऱ्या बाईला हसणं मला पटत नाही, आणि तिथेच हात जोडून थांबणंही पटत नाही. कारण सकाळी उत्तरपूजा होते, देवी जाते आणि बाई पुन्हा गप्प होते. शिवाय आज देवी म्हणून पाया पडतात, तसंच उद्या एखादीला 'भूत लागलंय' म्हणून मांत्रिकाकडेही नेतात. मग मार, धुरी, उपास. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला, त्यानंतर तो आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आणि अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना घाबरवणं, फसवणं, हे त्यात गुन्हे आहेत. देवाची पूजा, घागर फुंकणं हे गुन्हे नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता मुद्दा आपल्या बहीणपणाचा. घागर फुंकणारीचा तोल गेला, की दोघीतिघी पटकन पुढे होतात. तिला धरतात, पदर सावरतात, पाणी देतात. तिथे जात, सोसायटी, सासू-सून काही आड येत नाही. मला या प्रथेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पण हे हात वर्षातून एकाच रात्री का पुढे यावेत? फॉक्स बहिणींपैकी लीनं धाकट्यांचा आवाज बाजारात मांडला, पण त्या दोघींना स्वतःला काय हवंय हे विचारायला कोण होतं? मग अष्टमीनंतरच्या आठवड्यात त्या मैत्रिणीकडे चहाला जाऊन 'काय गं, सध्या कशी आहेस?' एवढं विचारायला काय हरकत आहे? त्रास जास्त असेल तर तिच्यासोबत पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. निदान १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा मोफत नंबर तरी तिला लावून द्या.

आणि घरच्या मंडळींना एकच सांगणं. देवीच्या तोंडून आलं की जे ऐकता, ते सुनेच्या तोंडून येईल तेव्हाही ऐका. बोलणारी बाई तीच आहे.