सर्कशीच्या बँडचे कागदही जपा

मराठी सर्कशीच्या आठवणींत वाघ, घोडे आणि झुले असतात, बँड सहसा नसतो. हा अन्याय आहे, कारण आपली सर्कस उभी केली ती एका गाणाऱ्या माणसानं. विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरच्या हद्दूखाँकडे गाणं शिकले. कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पाठबळावर १८८० साली त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली आणि हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांनाही त्यांनीच सांभाळलं. पुढे सर्कस बंधू काशीनाथपंतांनी चालवली. स्वरलिपीत पुस्तकं छापून रागसंगीत घरोघरी पोचवणारे विष्णु दिगंबर पलुसकरही कुरुंदवाडचेच. सर्कशीच्या बँडला मात्र असा कोणी पलुसकर भेटला नाही. देशभरच्या तंबूंत हे बँड मोठ्या प्रमाणावर वाजवले ते गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी पोटासाठी सर्कस, मूकपटांची थिएटरं आणि संस्थानिकांच्या बँडांत शिरली. त्यांच्यातल्या काहींनी पुढे हिंदी चित्रपटसंगीत घडवलं, म्हणून ती नावं टिकली. तंबूतच राहिलेले विस्मरणात गेले.

‘जुन्या धून ध्वनिमुद्रणात मिळतात, मग नोटेशनचे कागद कशाला?’ असं कोणी विचारील. ध्वनिमुद्रणातून चाल कळते, काम कळत नाही. सर्कशीत घोडा बँडच्या तालावर धावत नसतो, बँडमास्तर घोड्याच्या पावलांवर नजर ठेवून लय बदलतो. झुल्यावरचा हात निसटला तर चाल अर्ध्यात तोडून दुसरी धरावी लागते. कुठे थांबायचं, कुठून पुन्हा उचलायचं, हे वादकाच्या प्रतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. हे काम कधी जिवाशी गाठ घालणारंही असतं: अमेरिकेत हार्टफर्डला ६ जुलै १९४४ रोजी सर्कशीचा तंबू पेटला, तेव्हा बँडमास्तर मर्ल इव्हान्सच्या बँडनं धोक्याची इशारत म्हणून ठरलेली कूचाची धून वाजवली आणि सर्कशीतली माणसं सावध झाली. चाकणच्या कारखान्यात ड्रॉइंग हरवलं तर नुसता सुटा भाग पाहून तो कसा बनवला हे कळत नाही, कागदाविना नुसत्या ध्वनिमुद्रणाचं तसंच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या सर्कशीत जनावरांचे हाल झाले, मुलं राबवली गेली, तिचं कौतुक का? वाघ-सिंहांच्या खेळांवर बंदी आली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. दोन्ही योग्यच झालं. पण त्या दोषांचं ओझं क्लॅरिनेट वाजवणाऱ्याच्या वारसांवर टाकता येत नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची निगडीत संगीत अकादमी आहे. तिनं गोव्यातल्या आणि सांगली-कोल्हापूरकडच्या अशा वादकांच्या घराण्यांशी बोलावं, ट्रंकांमध्ये उरलेल्या वह्यांच्या प्रती काढाव्यात, मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावेत आणि त्या चाली विद्यार्थ्यांकडून वाजवून घ्याव्यात. हयात बँडमास्तरांना मानधन देऊन पेन्सिलीच्या खुणांचा अर्थ आधी विचारून घ्यावा. वह्या त्यानंतर स्कॅन झाल्या तरी चालेल.