काडीमोडीला मुहूर्त नको, विचार हवा

गणपति बसले म्हणजे म्हणायचें, 'गौरी जाऊं दे.' गौरी गेल्या तों पितृपंधरवडा लागला. मग दसरा, मग दिवाळी, मग तुळशीचें लग्न. तें लागलें कीं गांवांत लग्नसराई सुरू. धाकट्या दिराचें लग्न ठरलें, म्हणून मोठ्या सुनेनें तोंड मिटून बसावें! भिवंडी तालुक्यांतल्या आमच्या शेलारसारख्या गांवांत मोडलेला संसार असा एका सणावरून दुसऱ्या सणावर ढकलला जातो. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, या रीतीबद्दल दोन शब्द स्पष्ट बोलणें आम्हांस जरूर वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घ्या कीं, सगळीं भांडणें एका जातीचीं नसतात. जेथें बाईच्या अंगावर हात पडतो, तिला उपाशी ठेवतात किंवा घराबाहेर काढतात, तेथें सणासाठीं एक दिवसही थांबूं नये. घटस्फोटाचा दावा मागाहून करतां येतो, जीव आधीं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीं अर्ज आला म्हणजे पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आंत लावावी, असा नियम आहे. त्याच अर्जांत संरक्षण, राहतें घर व खर्चाची रक्कम मागतां येते. दिवाळीच्या सुटींत दिवाणी कोर्टें बंद असतील, पण पोलीस ठाण्याला दिवाळीची सुटी नसते.

जेथें मार नाहीं, पण मनें कायमचीं विटलीं आहेत, तेथें मात्र ऐन सणांत कागद पुढें टाकूं नये, असें आमचें मत आहे. त्याचें कारण पंचांगांत नाहीं, माणसांत आहे. घर पाहुण्यांनीं भरलेलें, कारखान्याच्या बोनसची वाटणी, साडीचा मानपान. जुनी जखम याच दिवसांत उघडी पडते. रागाच्या भरांत केलेला दावा आणि शांतपणें विचार करून केलेला दावा यांत फार अंतर असतें. शिवाय पोरें आहेत. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली म्हणजे, कोणाच्या घरीं सण कसा गेला, हें पोराच्या तोंडावरून आम्हां शिक्षकांना विचारल्यावांचून कळतें.

कायदाही फार घाई करूं देत नाहीं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणें लग्नाला वर्ष होण्यापूर्वीं, अपवाद सोडल्यास, घटस्फोटाचा दावा करतां येत नाहीं. उभयतांच्या संमतीनें वेगळें होण्याची सोय 1976 सालीं झाली; त्यासाठीं दोघें वर्षभर वेगळीं राहिलेलीं असावीं लागतात आणि अर्जानंतर सहा महिने जावे लागतात. हे सहा महिने योग्य प्रसंगीं माफ करतां येतील, असें सर्वोच्च न्यायालयानें 2017 सालीं सांगितलें. मग दिवाळीच्या आठ दिवसांनीं काय बिघडतें?

मात्र एका गोष्टीला जपा. जोडीदारानें टाकून दिलें, या कारणावर दावा करायचा तर दाव्यापूर्वीं सलग दोन वर्षें झालेलीं असावीं लागतात. लोक काय म्हणतील म्हणून सणाला परत नांदायला गेलात, तर ती मोजणी तुटूं शकते. आणि छळाच्या दाव्यांत 'तिनें क्षमा केली होती' असा बचाव पुढें येऊं शकतो. म्हणून जायचें तर वकिलाला विचारून जावें.

थांबायचें म्हणजे हात बांधून बसायचें नव्हे. लग्नपत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, नवऱ्याच्या पगाराचा पुरावा, स्त्रीधनाची यादी, सारें या दिवसांत गोळा करावें. 1987 च्या कायद्यानें कोणत्याही बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. बायको जेथें राहते तेथेंही तिला दावा करतां येतो. ही सोय 2003 पासून आहे. पंचांपुढें मुद्रांकावर लिहिलेल्या फारकतीवर मात्र विसंबूं नका. जातीची रूढि कोर्टांत सिद्ध झाली नाहीं, तर दुसरें लग्न गोत्यांत येतें. आणि संमतीचा अर्ज असेल, तर मुलांची दिवाळी कोणाकडे, गणपति कोणाकडे, हें त्यांतच लिहून घ्यावें. नाहीं तर दर सणाला नवी लढाई.

कांहीं घरांत वकिलाच्या आधीं पंचांगवाल्याला गांठतात. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानें 1873 सालापासून भटजीवांचून लग्नें लावून दाखविलीं. ज्या लग्नाला भट लागत नाहीं, तें मोडायला त्याचा मुहूर्त कशाला? मुंबई प्रांतानें 1947 सालींच हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला. त्या कायद्यापासून आजतागायत कोर्टाच्या दप्तरांत पितृपंधरवड्याचें खातें उघडलेलें नाहीं!

शेवटीं भावांना एक विनंति. भाऊबीजेला ताटांत ओवाळणी टाकतांना बहिणीला बाजूला घेऊन विचारा, 'ताई, तूं सुखांत आहेस ना?' उत्तर 'नाहीं' असें आलें, तर 'सण होऊं दे' हे शब्द तोंडांतून काढूं नका. तिचे कागद मागून घ्या, आणि कोर्ट उघडेल त्या दिवशीं तिच्याबरोबर जा.

— एक शिक्षक, शेलार (भिवंडी)