जमिनीतून वर येणारे पतंग

जयपूरमध्ये ‘पतंग’ म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती मकरसंक्रांत. 14 जानेवारीला सगळे शहर गच्चीवर असते. सकाळपासून ‘वो काटा!’च्या आरोळ्या चालू असतात आणि आकाशात रंगीत कागदांची नुसती झुंबड उडालेली असते. अंधार पडल्यावर हौशी मंडळी मांज्याला कागदी कंदील बांधून तेही वर सोडतात.

आपल्या भाषेत मात्र पतंग या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दिव्यावर झेपावणारा, रात्री उडणारा तोही पतंगच. गच्च्यांवर संक्रांतीची धामधूम चालू असते तेव्हा जयपूरच्या आसपासच्या शेतांत असे लाखो पतंग जमिनीखाली वीतभर खोल, आपापल्या तपकिरी कोशात निजलेले असतात. त्यांच्या उड्डाणाचा मुहूर्त पंचांगात छापलेला नसतो. तो पहिला पाऊस ठरवतो.

राजस्थानातले शेतकरी या किड्याला ‘कातरा’ म्हणतात. हे नाव खरे म्हणजे त्याच्या अळीचे. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले नाव ‘अमसाक्टा मूरेई’ असे आहे. आपण तिला सरळ लाल केसाळ अळी म्हणू, किंवा त्याहून सोपे म्हणजे सुरवंट.

जूनच्या अखेरीस जयपूरला कुणाकडे मुक्कामाला असाल, तर एक अनुभव येण्यासारखा असतो. दिवसभर अंग भाजून काढणारा उन्हाळा, संध्याकाळी धुळीचे वादळ आणि मग पहिली दमदार सर. मातीचा वास घरभर पसरतो, वीज गेलेली परत येते आणि रात्री व्हरांड्यातला दिवा लावला की पांढरे पतंग भिंतीवर येऊन बसू लागतात. जवळ जाऊन पाहिले तर पंख दुधासारखे पांढरे, त्यांवर काळे ठिपके. पुढच्या पंखाची कड कुंकवासारखी लाल आणि पोटही लाल, त्यावर काळे पट्टे. दिसायला मोठा देखणा प्राणी! शहरातली मुले त्याच्याकडे कौतुकाने बघतात. खेड्यातून आलेला माणूस मात्र त्याच पतंगाकडे बघून गप्प होतो. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत काय वाढून ठेवले आहे, ते त्याला माहीत असते.

मग हा एवढासा जीव करतो तरी काय? स्वतः पतंग पिकाचे पानही कुरतडत नाही. पंख फुटल्यावर त्याच्या वाट्याला थोडेच दिवस येतात आणि त्या दिवसांत त्याला एकच काम असते, जोडीदार शोधून वंश पुढे चालवण्याचे. मादी पानांच्या खालच्या बाजूला फिकट पिवळसर, मोहरीपेक्षाही बारीक अंडी पुंजक्यांनी घालते. एकेक मादी सातशे-आठशे अंडी सहज घालून जाते. दोन-तीन दिवसांत ती फुटतात. बाहेर आलेली पिल्ले आरंभी एकाच पानावर दाटीवाटीने राहून पानाचा हिरवा भाग खरवडून खातात. तेवढ्या पानाची नुसती जाळी उरते. जरा मोठी झाली की ती पांगतात, अंगावर लांब, तांबूस केस येतात आणि भूक वाढत जाते.

इथेच खरी गोम आहे. ज्या पावसाने कातऱ्याला जाग येते, त्याच पावसावर शेतकरी बाजरी पेरतो. राजस्थान हे देशातले बाजरीचे सर्वांत मोठे राज्य आणि जयपूरच्या आजूबाजूची बरीचशी बाजरी आभाळाच्या भरवशावरची. बाजरीबरोबर मूग, मटकी, चवळी, गवार आणि तीळही त्याच ओलीवर पडतात. म्हणजे इकडे कोवळे रोप जमिनीतून डोके वर काढते आणि तिकडे अळ्यांची फौज अंड्यांतून बाहेर पडते. रोप मोठे असते तर चार पाने गेली तरी तगून राहिले असते. दोन-चार पानांचे बाळरोप मात्र एका रात्रीत बुडख्यापर्यंत साफ होते. एक शेत संपले की अळ्या रांगत शेजारच्या शेताकडे निघतात. दुबार पेरणी म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. बियाणे पुन्हा विकत घ्यायचे आणि पावसाची पुन्हा वाट बघायची. तो आला नाही तर वर्षच हातचे गेले.

कातऱ्याकडे दुष्टावा म्हणून बघू नये. शेती नव्हती तेव्हाही या वाळवंटी मुलखात पहिल्या पावसाबरोबर गवत आणि झुडपे हिरवी होत असणार आणि अळीला तेवढाच हिरवा काळ मिळत असणार. ज्या प्रदेशात वर्षातले जेमतेम अडीच-तीन महिने ओलावा असतो, तिथे जगायचे तर घड्याळ पावसाशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नाही. अळी पंधरा ते तेवीस दिवसांत भराभर खाऊन, अनेकदा कात टाकून पूर्ण वाढते. मग बांधाच्या कडेची, झाडाखालची, कुंपणाजवळची भुसभुशीत ओलसर माती शोधून ती जमिनीत शिरते आणि कोशात जाते. त्यानंतर सुमारे दहा महिने ना खाणे, ना पिणे, ना हालचाल. थंडी येते, होळी होते, मे महिन्यात वरची माती तव्यासारखी तापते, तरी आतला जीव शाबूत राहतो. शास्त्रज्ञ याला सुप्तावस्था म्हणतात. मुख्यत्वे वर्षाला अशी एकच पिढी. एकदा संधी हुकली तर दुसरी नाही, अशी स्थिती शेतकऱ्याची आणि त्याच्या या शत्रूची अगदी सारखीच आहे.

आपल्याकडेही पहिल्या पावसाला असे पाहुणे येतातच. मृगाचा मखमली किडा मुलांच्या आवडीचा. हुमणीचे भुंगेरे मात्र कुणाच्याच आवडीचे नाहीत. वळवाचा पाऊस झाला की ते जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि शेतकरी रात्री फांद्या हलवून ते गोळा करतात. हुमणीचा उपद्रव राजस्थानातही आहे आणि जयपूरमधील दुर्गापुरा येथील कृषी संशोधन संस्थेत तिच्यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. दोन्ही किडींचा धडा मात्र एकच आहे. मोका असतो तो पहिल्या पावसानंतरच्या मोजक्या रात्रींचा.

कातऱ्याच्या बाबतीत तो हिशोब अगदी बोटांवर करता येतो. अंडी घालण्यापूर्वी शंभर माद्या पकडल्या, तर सत्तर हजार अळ्या जन्मालाच येत नाहीत. त्यासाठी लागणारे साहित्य साधेच असते. शेताच्या कडेला तिकाटण्यावर कंदील किंवा दिवा टांगायचा, खाली पसरट भांड्यात पाणी भरून त्यात थोडे रॉकेल टाकायचे. ज्याच्याकडे हेही नसेल, त्याने पालापाचोळ्याची शेकोटी पेटवायची. पतंग उजेडाकडे येतात आणि पाण्यात पडतात.

ते उजेडाकडे का येतात? कवींनी याचे उत्तर प्रेमात शोधले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने ते वेगळ्याच ठिकाणी दाखवले. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्यावर दिसले, की उडणारे अनेक कीटक दिव्याकडे पाठ करून उडण्याचा प्रयत्न करतात. निसर्गात रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून उजेड पाठीवर ठेवला की वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना कळते. आपला दिवा या साध्या हिशोबात घोटाळा करतो. पतंग पाठ वळवत राहतो आणि गिरक्या घेत तिथेच अडकतो. बिचाऱ्याचे प्रेम वगैरे काही नसते, त्याची दिशा चुकलेली असते!

दिव्याच्या या उपायाला एक अट मात्र आहे. दिवा सगळ्या गावाने लावला पाहिजे आणि त्याच रात्री लावला पाहिजे. एकट्याने लावून भागत नाही, कारण शेजारच्या पडीक जमिनीवर जन्मलेल्या अळ्यांना बांध ओलांडायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या फळीत चूक झाली तर दुसरी फळी असते, अंड्यांचे पुंजके आणि बाळअळ्यांनी भरलेली पाने खुडून नष्ट करण्याची. तीही हुकली तर शेताभोवती उभ्या कडांचा चर खणायचा, म्हणजे रांगत येणाऱ्या अळ्या त्यात पडून अडकतात. त्यानंतर मात्र हाती फारसे काही उरत नाही. मोठ्या अळीच्या दाट केसांमुळे फवारलेले औषध अंगाला नीट लागत नाही. पैसे जातात, विष मातीत राहते आणि अळी चालतच राहते. उन्हाळ्यात केलेली खोल नांगरटही उपयोगी पडते. कोश वर येतात आणि ऊन व पाखरे त्यांचा निकाल लावतात.

पाखरांचा विषय निघाला म्हणून सांगायला हवे. केसाळ अळी बहुतेक पक्ष्यांना नकोशी वाटते. कोकिळेच्या कुळातले पक्षी मात्र ती आवडीने खातात. ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडणारा आपला पावशा त्यातलाच आणि काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातकही त्यातलाच. चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून उत्तर भारतात येतो. तो केवळ पावसाचे थेंब पिऊन राहतो, असे कवी सांगतात. पक्षिनिरीक्षकांच्या वहीत मात्र त्याच्या आहारात केसाळ सुरवंटांची नोंद ठळकपणे सापडते. पाऊस, सुरवंट आणि चातक हे तिघे एकाच सुमारास यावेत, यात नवल ते काय!

कातऱ्याचा आणखी एक शत्रू आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. 1968 साली या अळीत सापडलेल्या एका विषाणूचे वर्णन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. तो निघाला देवीच्या विषाणूच्या घराण्यातला, पण फक्त कीटकांना ग्रासणारा. माणसाला त्याची बाधा होत नाही. पुढे परदेशातल्या प्रयोगशाळांत त्याचा इतका अभ्यास झाला, की 2000 साली त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचून प्रसिद्ध झाली. कीटकांच्या देवीचा विषय निघाला की त्याचे उदाहरण हमखास दिले जाते आणि त्याच्या नावात कातऱ्याचेच नाव आहे. जयपूरच्या दक्षिणेला चाकसूजवळ एका टेकडीवर शीतलामातेचे देऊळ आहे. होळीनंतर आठव्या दिवशी तिथे मोठा मेळा भरतो आणि आदल्या दिवशी शिजवलेले थंड अन्न देवीला दाखवून मग घरचे खातात. माणसांची देवी जगातून गेल्याची घोषणा 1980 साली झाली. तिचे एक दूरचे भावंड देवळाच्या पायथ्याशी पसरलेल्या असल्याच बाजरीच्या रानातल्या किड्यात नांदत असावे, हा योगायोग मोठा विलक्षण वाटतो.

तेव्हा पावसाळ्याच्या पहिल्या रात्री तुमच्या व्हरांड्यात एखादा पतंग येऊन बसला, तर झाडू उचलण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघा. पतंगांच्या हजारो जातींपैकी शेतकऱ्याला छळणाऱ्या मोजक्याच. बाकीचे रात्री फुलणाऱ्या फुलांचे परागकण वाहतात आणि वटवाघळांचे, पाखरांचे पोट भरतात. दिवा नुसताच चालू असेल तर मालवा, म्हणजे तो वाट सापडून निघून जाईल. घर बाजरीच्या शेताला लागून असेल आणि पंखांची कड लाल दिसली, तर मात्र दिवा ठेवा, खाली पाण्याचे भांडे ठेवा आणि शेजाऱ्यालाही हाक मारा. संक्रांतीच्या पतंगात शेजाऱ्याचा मांजा कापण्यात मजा असते. या पतंगाशी मात्र शेजाऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय जिंकता येत नाही.